गॅप सर्टिफिकेट

कुर्ला कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून,
टायपिस्ट न विचारताच टाइप करतो:
‘मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
बारावीनंतरच्या सदर एका वर्षात
मी कोणतेही शिक्षण घेतलेले नाही.’
इथे सही. इथे पण.
मी पेन टेकवते आणि थांबते.
‘काय चुकलं का?’
नाही काका. बरोबर आहे.

त्या वर्षात मी
दर दोन तासांनी बाबांना कुशीवर वळवायला शिकले,
खांद्याला धरून नाही, खालच्या चादरीनं.
नळीतून पेज सोडताना वाटी किती उंच धरायची,
ठसका लागला की किती वेळ थांबायचं.
कमरेवरच्या जखमेला कंपासपेटीतली पट्टी लावायला शिकले:
ऑगस्टात चार सेंटिमीटर, दिवाळीला अडीच,
नाताळच्या आठवड्यात नुसती गुलाबी कातडी.
तीस वर्षं फोर्टातल्या एका इमारतीची लिफ्ट चालवली बाबांनी.
अर्धांगातून वाचलेला डावा हात
रात्री भिंतीवर मजले दाबायचा.
मी विचारायचे, कितवा?
ते बोटं दाखवायचे.
मी म्हणायचे, आला.
मग झोपायचे.

हे कुठल्या रकान्यात बसतं, मला माहीत नव्हतं.

म्हणून निबंध लिहिला तीनशे शब्दांचा, सगळे लिहितात तसा:
‘लहानपणापासूनच मला रुग्णसेवेची ओढ…’
मरोळ गावठाणातल्या ब्रिजिडा सिस्टरांनी,
छत्तीस वर्षं पालिकेच्या रुग्णालयात काढलेल्या,
चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाशी धरला.
‘ओढ’ खोडलं. ‘सेवा’ तीनदा होतं, तिन्ही खोडलं.
उरली ती एक ओळ, तिच्यात माझं नाव होतं.
‘चाळीस जागा, नि सगळ्या पोरी हेच लिहितात गो.
तू काय केलंस, ते आण.’

मी फिजिक्सची जर्नल नेली.
मागच्या कोऱ्या पानांवर आखलेले रकाने:
वेळ, कूस, ताप, लघवी किती, सही.
सही माझीच. आई पहाटे पोळ्या लाटायला जायची.

सिस्टर पान पान उलटत गेल्या. चहावर साय धरली.
बारा डिसेंबरवर बोट थांबलं.
पहाटे चार. डावी कूस.
‘बाकी सगळी शिसपेन्सिल. हे एकच बॉलपेन?’

आदल्या रात्री भरलं होतं मी ते.
अर्ज जरा भक्कम दिसावा म्हणून.
त्या पहाटे मला झोप लागली होती.
सहाला जाग आली तेव्हा उजव्या खुब्यावर
रुपयाएवढा लाल डाग.
बाबांनी हाक मारली असेल. त्यांची हाक म्हणजे
घशातला वारा.

‘चार्टमधला रिकामा रकाना मागनं भरायचा नाही.
नोकरी गेली तरी नाही.’
आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.
‘झोप लागली तर लिहायचं, झोप लागली.
डाग दिसला तर लिहायचं, डाग दिसला.
पुढच्या पाळीची नर्स बघते मग काय ते.’

पुढच्या पाळीची नर्सही मीच होते, सिस्टर.
हे बोलले नाही.

बॉलपेन खोडरबरानं जात नाही.
त्यांनी दाखवली तशी एक आडवी रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी.
आजची तारीख. सही. आणि बाजूला:
झोप लागली. ६.१० ला वळवलं. डाग, रुपयाएवढा.

नवा निबंध त्या पहाटेपासूनच सुरू केला.
शेवटच्या रात्रीचं त्यात काही नाही.
सिस्टरांनी विचारलं नाही,
आणि शब्दही भरले होते: दोनशे अठ्ठ्याण्णव.

आता फायलीत गुणपत्रिका, अधिवास, जातवैधता,
निबंध, जर्नलच्या एका पानाची झेरॉक्स,
आणि सगळ्यांत वर स्टॅम्पपेपरवर,
नोटरीच्या लाल शिक्क्याखाली,
मी काहीही न शिकल्याचा पुरावा.

खिडकीतली बाई तोच कागद आधी बघते.
‘वर्षभर घरीच?’
‘हो,’ मी म्हणते, ‘घरीच.’